निकालाआधीची शिक्षा

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या १,३३० तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे बंद होती. जागा होती ४ लाख ३६ हजारांची. या बंदिवानांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. कुणाचा खटला चालू होता, तर कुणाचा उभाही राहिला नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अहवालातले हे आकडे नीट पाहिले, तर दिसते की एकटे कच्चे कैदीच देशातल्या तुरुंगांची जवळजवळ सगळी जागा व्यापून टाकतात. न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांपुरतेच तुरुंग वापरले असते, तर दोनतृतीयांश बराकी मोकळ्या राहिल्या असत्या.

मोठ्या प्रमाणावरच्या तुरुंगवासाची चर्चा जगभर अमेरिकेपासून सुरू होते, आणि त्याला कारण आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या राज्य आणि संघीय तुरुंगांत सुमारे दोन लाख कैदी होते. २००९ पर्यंत हा आकडा सोळा लाखांवर गेला. अमली पदार्थांविरुद्धचे ‘युद्ध’, किमान शिक्षेची सक्ती करणारे कायदे, लांबत गेलेल्या शिक्षा आणि या सगळ्याचा काळ्या समाजावर पडलेला भार, ही तिथली कहाणी. तिथे लाख लोकांमागे पाचशेहून अधिक माणसे बंद आहेत. भारतात चाळीसच्या आसपास. त्यामुळे हा प्रश्न आपला नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांना दोन उत्तरे देता येतात. एक म्हणजे वर्षअखेरची मोजणी ही त्या एका दिवसाची असते. वर्षभरात आपल्या तुरुंगांच्या दारातून आत जाणाऱ्यांची संख्या अठरा लाखांच्या घरात असते. दुसरे म्हणजे अमेरिकेत निकालाविना बंद असलेल्यांचे प्रमाण चारांत एकाच्या आसपास आहे, आपल्याकडे चारांत तीन. तिथला प्रश्न शिक्षेच्या अतिरेकाचा आहे. इथे शिक्षा सुनावण्याआधीच भोगून होते.

आत कोण आहे

कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गांतले आहेत. मुस्लिमांचे लोकसंख्येतले प्रमाण १४ टक्के, तर कच्च्या कैद्यांतले २० टक्क्यांच्या जवळपास. एकूण कच्च्या कैद्यांतला साधारण चौथा हिस्सा निरक्षर आहे, आणि दहावीच्या आतच शाळा सुटलेल्यांचा वाटा त्याहून मोठा आहे. हे लोक जास्त गुन्हे करतात, हा यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. कुणाला पकडायचे, कुणाला नोटीस देऊन घरी पाठवायचे, कुणाचा जामीनदार चालेल आणि कुणाचा नाही, असे निर्णय प्रत्येक पायरीवर होत असतात. दर पायरीवर पैसा, ओळख, पत्ता आणि वकील असलेली माणसे बाहेर पडतात. ज्यांच्याकडे यांतले काहीच नसते, ती शेवटी आत उरतात.

महाराष्ट्राला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला आणि पोलीस ठाण्याची जुनी नजर बदलली नाही. परिसरात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड पडते, हा अनुभव कित्येक पिढ्यांचा आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये जातीनुसार कामाची वाटणी आणि भटक्या-विमुक्तांविषयीचे जुने शिक्के तसेच असल्याचे देशासमोर आले. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि नियम बदलण्याचे आदेश दिले. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तरीत हा आदेश द्यावा लागला.

आत जाण्याची वाट

तुरुंगाची गर्दी सुरू होते अटकेपासून. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप करायची नसते. ती का गरजेची आहे हे पोलिसांनी लिहून द्यायचे असते आणि दंडाधिकाऱ्यांनी ते तपासायचे असते. अर्णेशकुमार विरुद्ध बिहार सरकार या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितले. प्रत्यक्षात अटक हाच तपासाचा पुरावा मानला जातो. गुन्हा घडल्यावर लोक विचारतात, ‘कुणाला पकडलं का?’ आणि वरिष्ठांनाही हेच उत्तर हवे असते.

पुढची पायरी रिमांडची. आरोपीला चोवीस तासांत न्यायालयासमोर उभे करायचे हा घटनेने दिलेला हक्क आहे. पण गर्दीच्या कोर्टात एकेका रिमांडला काही मिनिटेच मिळतात. आधी पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), असा शिक्का पडत जातो. ठरलेल्या साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; पण तो मागावा लागतो, आणि मागायला त्या दिवशी वकील जागेवर असावा लागतो.

त्यानंतर येतात विशेष कायदे. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, मकोका, अमली पदार्थविरोधी कायदा, मनी लाँडरिंगचा कायदा: या सगळ्यांत जामिनाचा नियम उलटा केलेला आहे. आरोपी दोषी नाही असे प्रथमदर्शनीच न्यायालयाला वाटले पाहिजे, किंवा आरोपात तथ्य दिसता कामा नये, तेव्हा कुठे जामीन. पुरावा तपासण्याआधी निर्दोषपणा दाखवायला सांगणे म्हणजे खटल्याचा क्रमच फिरवणे. खटला अनेक वर्षे रेंगाळत असेल तर या कायद्यांखालीही जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब प्रकरणात म्हटले. पण तेवढ्यापर्यंत पोहोचायलाच माणसाची कित्येक वर्षे गेलेली असतात.

जामिनाची किंमत

न्यायालयाने जामीन दिला म्हणजे दार उघडले, असे बाहेरच्यांना वाटते. आतल्यांना माहीत असते की खरी अडचण तिथून सुरू होते. जामीनदार हवा. त्याच्याकडे ऐपतीचा दाखला हवा, किंवा सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक हवे. मुंबईत बांधकामावर आलेला बिहारचा मजूर, मराठवाड्यातून आलेला ऊसतोड कामगार, पालात राहणारी बाई: यांच्या ओळखीत सातबारा असलेला माणूस कुठून येणार? मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार शोधले जातात, किंवा रोख जामिनासाठी दागिना मोडला जातो. काहीच जमले नाही तर माणूस जामीन मिळूनही आत राहतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस असे सुमारे पाच हजार कैदी देशभर होते.

हा प्रश्न आजचा नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले आणि गरिबाला न पेलणारा जामीन मागणे म्हणजे जामीन नाकारणेच, ही भूमिका मांडली. जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या हमीवर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. ती वापरण्याची सवय मात्र कोर्टांना अजून लागलेली नाही.

तारखांची साखळी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण कच्चा कैदी पायरी चढत नाही. त्याला नेले जाते, आणि पुष्कळदा नेलेही जात नाही. पेशीच्या दिवशी पोलीस गार्ड उपलब्ध नसतात. व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) हजर केले, तर पडद्यावर दोन मिनिटांत पुढची तारीख पडते. साक्षीदार गैरहजर, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल बाकी, सरकारी वकील बदललेले, न्यायाधीश रजेवर. कारण कुठलेही असो, दिवस कैद्याचे जातात. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत असे सुचवले होते. आज हे प्रमाण वीस-बावीसच्या आसपास आहे, आणि जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले पडून आहेत.

मोफत वकील हा गरीब आरोपीचा घटनादत्त हक्क आहे. पण विधी सेवेच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे आहे, आणि अनेक कैद्यांची आपल्या वकिलाशी पहिली भेट कोर्टाच्या दारातच होते. पाच वर्षांहून अधिक काळ निकालाविना बंद असलेल्या अकरा हजारांवर माणसांचा हिशेब या सगळ्या विलंबांच्या बेरजेतून येतो.

यातून एक कमी बोलली जाणारी गोष्ट घडते. किरकोळ चोरीचा आरोपी कित्येक महिने आत राहतो, आणि गुन्हा कबूल केला तर भोगलेली कैद पुरेशी धरून आजच सुटशील, असे त्याला कळते. खटला लढला तर आणखी वर्ष. तो कबूल करतो. केला नसेल, तरी कबूल करतो. पुढच्या वेळी पोलिसांना ‘रेकॉर्डवरचा’ माणूस सापडतो, आणि जामिनाच्या वेळी तेच रेकॉर्ड त्याच्यावर उलटते.

किंमत कोण मोजते

कमावता माणूस आत गेला की महिन्याभरात घराचा हिशेब कोसळतो. हजेरी बंद, भाडे थकलेले, वकिलाची फी, तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे भेटीला, जायचे तर एसटीचे भाडे आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. व्याजाने पैसे घेतले जातात. थोरल्या मुलाची शाळा सुटते. घरमालक खोली सोडायला सांगतो, शेजारी बोलणे तोडतात. बाईच आत गेली तर हाल आणखी वाढतात: नवरा आत असेल तर बायको मुलाखतीला जाते, बायको आत असेल तर तिला भेटायला येणारे फार थोडे. कैद्यांत बायकांचे प्रमाण चार टक्के आहे. २०२२ च्या अखेरीस देशात दीड हजारांहून अधिक बायकांबरोबर त्यांची सतराशेवर लहान मुले तुरुंगात वाढत होती. सहा वर्षांचे झाले की मूल आईपासून वेगळे करतात. तोवर त्याने पाहिलेले जग म्हणजे ती बराकच असते.

शरीराची किंमतही मोठी आहे. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता हजाराच्या आसपास, आणि कैदी तिच्या तिपटीहून जास्त. झोपायला कूस बदलण्यापुरतीही जागा नसलेल्या बराकीत खरूज आणि क्षयरोग पसरायला वेळ लागत नाही. २०२२ मध्ये देशभरच्या तुरुंगांत १,९९५ कैदी मरण पावले, त्यांपैकी ११९ जणांनी आत्महत्या केली. तळोजा तुरुंगात ठेवलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. पेला धरता येत नसल्याने त्यांना पाणी प्यायला स्ट्रॉ मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्यावरचा खटला सुरूही झाला नव्हता. त्यांचे नाव ठाऊक असल्याने देशाला त्यांच्या मृत्यूची दखल घ्यावी लागली. बाकीच्यांच्या वाट्याला अहवालातली एक ओळ येते.

नागरिकत्वाचीही किंमत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातल्या माणसाला मतदान करता येत नाही, मग तो दोषी ठरलेला असो वा नसो. कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो, पण मत देऊ शकत नाही. जामिनाचे पैसे असलेला आरोपी मतदान करतो, नसलेला करू शकत नाही. चार लाखांहून अधिक नागरिकांचे मत असे खिशाच्या मापाने ठरते.

निर्दोष सुटल्यावर काय मिळते? कायद्याने हक्काची भरपाई नाही. रुदुल साह हे बिहारमधले कैदी निर्दोष ठरल्यानंतरही चौदा वर्षे आत राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पस्तीस हजार रुपये द्यायला लावले. २०१८ साली विधी आयोगाने २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांबद्दल भरपाईचा कायदा सुचवला. तो आजवर झालेला नाही. सुटलेला माणूस नोकरी मागायला जातो, तिथे पोलिसांची चारित्र्य पडताळणी त्याच्या आधी पोहोचलेली असते.

पीडितांचाही पराभव

जामीन सोपा केला तर आरोपी पळतील, साक्षीदारांना धमकावतील, पीडितांना न्याय मिळणार नाही, हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्याच्यापासून खरोखर धोका आहे, त्याला आत ठेवण्याचा अधिकार न्यायालयाकडे आहे आणि असलाच पाहिजे. मुद्दा असा की आज आत असलेल्या लाखोंबाबत हा धोका मोजलाच जात नाही. मोजली जाते ती ऐपत. पैसेवाला धोकादायक आरोपी या चाळणीतून सहज बाहेर पडतो.

लांबलेल्या कैदेने पीडितांचे भले होत नाही, हे मुंबईने पाहिले आहे. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे मारली गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बाराजणांना दोषी ठरवले. पाचजणांना फाशी, सातजणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. त्याआधी त्यांच्यातला एकजण नागपूरच्या तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल पायंडा म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. अंतिम निकाल काहीही लागो, एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या नातलगांना गुन्हेगार कोण याचे पक्के उत्तर मिळालेले नाही. माणसे आत होती, म्हणून न्याय चालू आहे असे आपण सगळे समजत राहिलो.

सुधारणा झाल्या, मग गर्दी का?

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी पाहून ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले. त्या लेखनावरून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी हुसैनारा खातून प्रकरणात वेळेत खटला चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे जाहीर केले. सुमारे चाळीस हजार कैदी सुटले. त्यानंतर तुरुंग सुधारणांसाठी न्या. मुल्ला समिती आली. २००५ च्या दुरुस्तीने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला सोडण्याची तरतूद, कलम ४३६-अ, आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यांसाठी ही मुदत एकतृतीयांशावर आणली, आणि जुन्या खटल्यांनाही ती लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राने २०२३ मध्ये निधीही सुरू केला.

तरीही २०१९ च्या अखेरीस ६९ टक्के असलेले कच्च्या कैद्यांचे प्रमाण २०२१ मध्ये ७७ वर गेले आणि २०२२ मध्ये ७६ च्या जवळपास राहिले. याची कारणे उघड आहेत. कलम ४७९ चा लाभ एकाहून अधिक खटले असलेल्यांना नाही, आणि पोलीस एकाच माणसावर अनेक गुन्हे लावत असतात. अर्णेशकुमारचा निर्णय मोडणाऱ्या अधिकाऱ्याला क्वचितच किंमत मोजावी लागते. कच्च्या कैद्यांच्या आढावा समित्या यादीवरची नावे वाचतात, माणसांना भेटत नाहीत. २०२२ मध्ये सतेंदरकुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचा स्वतंत्र कायदा करण्याचे सुचवले. तोही कागदावरच राहिला.

काय चालते, तेही आपल्याला माहीत आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रातल्या तुरुंगांत समाजकार्यकर्ते पाठवतो. कैद्याचे घर शोधणे, कागदपत्रे जमवणे, वकिलाला भेटवणे, जामिनाची अट कमी करून घेणे, अशी साधी वाटणारी कामे ते करतात आणि माणूस बाहेर येतो. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून महाराष्ट्रातून सुमारे दहा हजार कैदी तात्पुरते सोडण्यात आले; इच्छा असली की दार उघडता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. अमेरिकेत न्यू जर्सीने २०१७ पासून रोख जामीन जवळजवळ बंद केला आणि निकालाविना बंद असलेल्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. इलिनॉयने २०२३ मध्ये तो पूर्णच रद्द केला. शिक्षा झालेल्यांवरही विश्वास टाकता येतो, हे तर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीने १९३९ पासून दाखवले आहे. औंध संस्थानच्या त्या खुल्या तुरुंगावरून व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला.

संविधानदिनी, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या समारंभात लिहिलेले भाषण बाजूला ठेवून तुरुंगातल्या गरिबांविषयी बोलत विचारले की आपण प्रगती करतो आहोत, तर आणखी तुरुंग कशाला हवेत. तरीही गर्दीवरचा सरकारी उपाय अजून नव्या बराकी हाच असतो. नव्या बराकी भरतील, कारण आत येण्याची वाट बदललेली नाही.

बदलायच्या गोष्टी चारच आहेत. गरजेविना अटक केली तर त्या अधिकाऱ्याला जबाब द्यावा लागला पाहिजे. जातमुचलका हा नियम व्हावा आणि ऐपतीचा दाखला अपवाद. प्रत्येक तुरुंगात पुरेसे मानधन असलेला वकील आणि समाजकार्यकर्ता असावा. आणि निर्दोष सुटलेल्याला भरपाई कायद्याने मिळावी. यांतली एकही गोष्ट नवी नाही आणि एकीलाही घटनादुरुस्ती लागत नाही. मुंबई, नागपूर, पुणे, संभाजीनगरच्या वकील संघटनांनी, आमदारांनी आणि पत्रकारांनी आपापल्या जिल्ह्यातल्या तुरुंगाची यादी मागवावी आणि एकच प्रश्न विचारत राहावे: जामीन मंजूर होऊनही आत असलेले किती, आणि का? गुन्हा शाबीत होण्याआधी शिक्षा होऊ नये, एवढेच घटना सांगते. तेवढे पाळणे ही आपली जबाबदारी आहे.